बेव्हर्लीची हजेरी

मिल लेनचा चढ लागला तसा पुढचा बँड गप्प झाला. त्या चढावर कोणीच वाजवत नाही, फुंकणाऱ्यांना दमच पुरत नाही. नुसता एक ढोल पावलांना ठेका देत राहतो. आम्हाला निघून तास झाला होता आणि गावच्या चौकापर्यंत अजून तेवढंच चालायचं होतं. बेव्हर्ली माझ्या डाव्या हाताला होती. तिने कोटाच्या खिशातून फोन काढला, बघितला, परत ठेवला.

"कितव्यांदा?" मी विचारलं.

"मोजतेस कशाला? तुझ्या माळेचे मणी मी कधी मोजते का?"

"दोनच्या आत कळवू म्हणाली ना ती बाई?"

"दोनच्या आत म्हणाली. साडेबारा पण दोनच्या आतच येतात, नंदा."

पुढे आमच्या हॅगशॉच्या चर्चचं रेशमी निशाण दोन उंच दांड्यांवर डुलत चाललं होतं. त्याच्या रिबिनी धरून पांढऱ्या फ्रॉकमधल्या मुली चालत होत्या. डावीकडून तिसरी, रिबीन खांद्यावर टाकून नाक खाजवणारी, ती एरिन, बेव्हर्लीची एकुलती एक. फोनवर जे यायचं होतं ते तिचंच. सप्टेंबरपासून ती चर्चच्या हायस्कुलात जाणार की टेकडीपलीकडच्या शाळेत, ते त्या दिवशी ठरणार होतं.

ईस्टरनंतर साताठ आठवड्यांनी व्हिटचा सण येतो, त्यातल्या शुक्रवारची ही मिरवणूक मी वीस वर्षं बघते आहे. आधी फुटपाथवरून बघायचे, आता बेव्हर्लीबरोबर चालते. त्या दिवशी आमच्या भागात शाळांना सुट्टी असते, म्हणून आम्ही दोघी मोकळ्या. एरवी आम्ही गावच्या प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात एकत्र काम करतो. ती वाढते, मी चिरते आणि धुते. बेव्हर्ली कर्शॉ ठेंगणी आहे, हात कोपरापर्यंत लाल, आवाज असा की शेवटच्या टेबलावरच्या पोरालाही आपल्या ताटातला वाटाणा संपवावासा वाटावा. पण तिच्याबद्दल लिहायचं ते शाळेच्या स्वयंपाकघराचं नाही, चर्चच्या स्वयंपाकघराचं.

एरिन चार महिन्यांची होती तेव्हा बेव्हर्ली तिला घेऊन चर्चला गेली, आणि पोरीने असा टाहो फोडला की पाद्रीसाहेबांना प्रार्थना थांबवावी लागली. बेव्हर्ली बाबागाडी घेऊन बाजूच्या स्वयंपाकघरात गेली. तिथे चहाचा मोठा बंब होता आणि तो लावायचं कोणाच्या लक्षात नव्हतं. तिने लावला. पुढच्या रविवारीही तिनेच लावला. अशी अकरा वर्षं झाली. बंब जुना आहे, आपणहून बंद होत नाही, वेळेवर बंद केला नाही तर उतू जाऊन जमिनीवर गरम पाणी होतं. म्हणून ती त्याला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. चार वर्षांपूर्वी तिचं मनगट मोडलं तेव्हा मी कप विसळायला गेले, ती अजून जाते आहे. माझा देव माझ्या घरात, जिन्याखालच्या कपाटात आहे. रविवारी त्याचं सगळं आटोपून मी अकराला पोचते, तेव्हा आतली प्रार्थना संपत आलेली असते. त्या बंबाला मात्र मीसुद्धा कधी हात लावलेला नव्हता.

आता शाळेचं सांगते. चर्चचं हायस्कूल बेव्हर्लीच्या खिडकीतून दिसतं, चालत दहा मिनिटं. तिथे जागा कमी आणि मागणारे फार. त्यामुळे जे आईबाप दोन वर्षं नेमाने चर्चला येतात त्यांच्या मुलांना आधी घेतात. आमच्याकडे मूल चौथीत गेलं की घरच्यांना एकदम देव आठवतो, ही जुनी गंमत आहे. नवे चेहरे येतात, मागच्या बाकांवर बसतात, मुलाला जागा मिळाली की दिसेनासे होतात. बेव्हर्लीला त्याचा कधी राग आला नाही. ती म्हणायची, "येऊ देत की. बिस्किटं थोडी जास्त लागतात, एवढंच."

ही हजेरी मोजायला एक वही आहे. ती मोठ्या दरवाजाजवळच्या टेबलावर असते आणि मिस्टर क्लेग तिच्यावर लक्ष ठेवून असतात. पहिल्या स्तोत्राआधी सही करायची. स्तोत्र सुरू झालं की मिस्टर क्लेग वही मिटून कपाटात ठेवतात, मग कोणी धावत आलं तरी त्याचा रविवार गेला. बेव्हर्ली सव्वानऊला बाजूच्या लहान दाराने येते, कारण दूध आणि बिस्किटं तिकडूनच आत न्यायची असतात. मोठ्या दरवाजाचं टेबल तिच्या वाटेत कधी आलंच नाही. अकरा वर्षांत तिने त्या वहीत एकदाही सही केली नव्हती, आणि करायला हवी होती हे तिच्या मनातही आलं नाही. आपण चर्चला जातो की नाही, हा प्रश्न तिला कोण विचारणार?

जुने पाद्री विंटरबर्न असते तर त्यांनी वही न बघता अर्जावर लिहून दिलं असतं. पण ते निवृत्त होऊन समुद्राकाठी राहायला गेले आणि गेल्या सप्टेंबरात त्यांच्या जागी फिलिपा पाद्री म्हणून आल्या. तरुण, कामाच्या फार काटेकोर. ऑक्टोबरात त्यांच्यापुढे पंधरा-वीस अर्ज आले. दोन वर्षांचं त्यांना काय ठाऊक? त्यांनी वही उघडली. बेव्हर्ली कर्शॉ हे नाव कुठेच नाही. चहा देणारी बाई त्यांना माहीत होती, पण ती हॉलची पगारी बाई असेल असं त्यांना वाटलं. त्यांनी 'हजेरीची नोंद नाही' असं लिहिलं आणि पाकीट बंद करून पाठवून दिलं.

एक मार्चला सकाळी कुठली शाळा मिळाली त्याची मेल आली. आम्ही बटाटे सोलत होतो. बेव्हर्लीने हात पुसून फोन बघितला आणि म्हणाली, "टेकडीपलीकडची." एवढंच. मग तिने दीडशे पोरांना जेवण वाढलं, कस्टर्डसुद्धा नेहमीसारखं ओतलं. दोन वाजता ती कोठीच्या खोलीत गेली आणि पिठाच्या पोत्यावर बसून राहिली. मी पाणी नेऊन दिलं.

"मी कुठे चुकले, नंदा?" ती म्हणाली. "वेटिंगला अकरावा नंबर आहे. अकरावा. माझ्या घराच्या खिडकीतून त्यांची घंटा ऐकू येते."

संध्याकाळी मी तिच्या घरी होते, तेव्हा तिचा नवरा कार्ल कामावरून आला. तो हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यांवर मीठ टाकायची गाडी चालवतो, बाकी वर्षभर खड्डे बुजवतो. त्याचं म्हणणं सरळ होतं.

"ती जागा नाकार. म्हणजे त्यांना कळेल आपण ठाम आहोत."

"ठाम राहून पोरगी घरात बसेल. मी विचारलंय ऑफिसात. मिळालेली जागा घेऊन ठेवायची, त्याने वेटिंगचा नंबर हलत नाही."

"मग हलतो कशाने?"

"कोणीतरी सोडलं की."

"मग दहा जणांना पटवू का मी? पाच पौंड प्रत्येकी?"

"तुझ्याकडे पन्नास पौंड आहेत?"

तशी टेकडीपलीकडची शाळा वाईट नाही. पण दोन बस बदलाव्या लागतात आणि एरिनला गाडी लागते. ईस्टरच्या सुट्टीत त्यांनी तिला एकदा नेऊन बघितलं. दुसऱ्या वळणावर पोरीने कार्लच्या टोपीत उलटी केली, चौथ्या वळणावर त्याच्या बुटात. परत येताना ते तिघं सात मैल चालत आले. दोन्ही वेळा असा प्रवास, वर्षाचे एकशे नव्वद दिवस, पाच वर्षं. बेव्हर्लीच्या डोळ्यांपुढे सारखं तेच यायचं.

वहीचा उलगडा तिनेच केला, हायस्कुलात फोन करून. दुसऱ्या दिवशी फिलिपा तिच्या घरी आल्या. मी तिथेच होते. त्या खुर्चीवर टेकल्यासुद्धा नाहीत.

"मी दर रविवारी तुमच्या हातचा चहा पीत होते, बेव्हर्ली. आणि मी लिहिलं की तुम्ही नव्हताच."

"तुम्हाला दिसलं ते लिहिलंत. दिसायला मी आत नव्हतेच, त्याला तुम्ही काय करणार? बसा आधी. साखर?"

त्यानंतर मिस्टर क्लेग आले. ऐंशीच्या घरातले, छातीशी ती वही धरून. त्यांनी ती टेबलावर उघडली. दर रविवारच्या शेवटच्या सहीखाली दोन-तीन ओळी कोऱ्या होत्या.

"पेन दे," ते म्हणाले.

"कशाला?"

"तू होतीस. मी शपथेवर सांगतो. मी प्रत्येक रविवारी तुझ्याकडून दोन कप घेतलेत. मग तुझं नाव लिहिलं तर खोटं काय त्यात?"

"मिस्टर क्लेग, तुम्ही उशिरा आलेल्या माणसाला एक मिनिट सोडलं नाहीत कधी. आणि मी दोन वर्षं उशिरा सही करू?"

"तुझी गोष्ट वेगळी."

"प्रत्येकाला आपली गोष्ट वेगळीच वाटते. माझ्यापुढे दहा घरं रांगेत उभी आहेत. त्यांच्यापुढे जायचं तर समोरून सांगून जाईन. हे असं मागच्या पानातून घुसायचं नाही. मिटा ती वही."

त्यांनी मिटली. मग रुमाल काढून चष्मा पुसत बसले, बराच वेळ.

समोरून सांगायचं म्हणजे अपील करायचं. शाळेशी संबंध नसलेली तीन माणसं बसतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि ठरवतात. बेव्हर्लीने तो कागद भरला. जूनपर्यंत तारीख मिळाली नाही. तोवर दर सोमवारी ती जेवणाच्या सुट्टीआधी हायस्कुलात फोन करून नंबर विचारायची. अकराचा नऊ झाला, नवाचा सहा. आम्ही स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या. पुढच्या सोमवारी सात.

"वर गेलेलं खाली कसं येतं?" मी विचारलं.

"कोणीतरी जवळ राहायला आलंय. सापशिडी आहे ही. फासे दुसऱ्याच्या हातात."

मेअखेर ती चारवर आली आणि तिथेच अडकली. पण या सगळ्या महिन्यांत एकाही रविवारी बंब चुकला नाही. मी एकदा म्हणाले, आता तरी मोठ्या दारातून ये आणि सही कर, पुढे उपयोगी पडेल. ती म्हणाली, "दूध कोण आणेल?"

अपील मिरवणुकीच्या आधीच्या मंगळवारी झालं होतं. बुधवारी, गुरुवारी ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. तिचं तोंड असं बंद मी कधी पाहिलं नव्हतं. मिल लेनचा चढ संपला, सपाटी आली, बँडने पुन्हा वाजवायला घेतलं, तेव्हा त्या आवाजाच्या आडोशाने ती बोलायला लागली.

"मी घाण करून ठेवली, नंदा."

"काय झालं?"

"सुरुवात चांगली झाली. फिलिपा बोलल्या, मिस्टर क्लेग बोलले. क्लेग म्हणाले, या बाईच्या हातचे मी हजारावर कप प्यालोय आणि तिचं नाव एकदाही लिहिलेलं नाही, तेव्हा मोजायला कोण चुकलं ते तुम्हीच बघा. तिघांतला एकजण पेपरमिंट चघळत होता, तो चघळायचा थांबला."

"मग छानच की."

"ऐक तर. मध्ये एक बाई होती, चष्मा दोरीला बांधलेला. गोड आवाजात मला विचारते, मिसेस कर्शॉ, प्रार्थनेतलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं? मी म्हटलं, दुसरं स्तोत्र."

"कुठलं?"

"तिनेही हेच विचारलं. मी म्हटलं, कुठलंही असो. भिंतीतून गाणी तेवढी ऐकू येतात, बोलणं नाही. दुसरं स्तोत्र लागलं की मी बंब लावते, म्हणजे शेवटच्या आमेनला पाणी तयार. आणि बंब लागला की मग गाणंसुद्धा ऐकू येत नाही. म्हणजे प्रवचन? तिने विचारलं. मी म्हटलं, प्रवचन मी अकरा वर्षांत एकदाही ऐकलेलं नाही."

मला हसू आलं ते मी दाबलं.

"हस, हस. कार्लने टेबलाखालून लाथ मारली. उजव्या पायाला अजून डाग आहे. मी चर्चला येते हे सिद्ध करायला गेले होते, आणि मीच सांगून आले की मी आत काय चालतं ते ऐकलंच नाही."

"मग काय खोटं बोलायचं होतं?"

"सुचलं असतं तर बोलले असते, एरिनसाठी. तोंडातून दुसरं काही निघालंच नाही."

मी तिचा दंड धरला आणि आम्ही तशाच चालत राहिलो. मनातल्या मनात मी माझ्या देवाला सांगितलं, की ही तुझ्या यादीत नसली तरी हिच्याकडे बघ. दुसऱ्याच्या घरातलं काम सांगतेय म्हणून रागावू नकोस.

चौकात पोचलो तेव्हा पावणेदोन वाजायला आले होते. पाच चर्चची पाच निशाणं गोल करून उभी राहिली, सगळे बँड एकत्र झाले आणि मोठं स्तोत्र सुरू झालं. दुसरं कडवं चालू असताना बेव्हर्लीचा हात माझ्या हातावर आपटला.

"वाजतोय."

"मग घे!"

"स्तोत्र चाललंय."

"बाजूला हो आणि घे, बेव्ह. अपिलाचं ऑफिस दोनला बंद होतं."

"निशाणाखाली उभी आहे मी. सगळं गाव बघतंय. संपू दे."

फोन खिशात थरथरत राहिला आणि थांबला. ती समोर बघत गात होती, पण ओठ भलतेच हलत होते. त्या स्तोत्राला पाच कडवी आहेत, मी त्या दिवशी मोजली. शेवटच्या आमेनला ती गर्दीतून अशी सुटली की एका ट्रॉम्बोनवाल्याची टोपी पडली. वाचनालयाच्या पायऱ्यांवर उभी राहून तिने फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. घड्याळात दोनला सहा मिनिटं होती. तिसऱ्यांदा लागला.

मला तिचं एकटीचंच बोलणं ऐकू येत होतं. "हो. तीच. हो… हो… बरं." मग तिने विचारलं, "आणि माझ्यापुढचे तिघं? त्यांची जागा तर नाही ना गेली माझ्यामुळे?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं. "नक्की? त्यांचा नंबर तसाच राहतो? बरं. मग ठीक आहे. धन्यवाद, बाई."

फोन ठेवून ती पायरीवर बसली.

"मिळाली," ती म्हणाली. "वाढीव जागा दिली. कोणाची काढून नाही."

रस्त्यापलीकडे कार्ल हॅमचं सँडविच हातात घेऊन उभा होता. तिने नुसती मान हलवली. त्याने सँडविच शेजारच्या अनोळखी माणसाच्या हातात दिलं आणि रस्त्याच्या मधोमध येऊन असा ओरडला की बँडमास्तरने मागे वळून बघितलं. एरिन रिबीन सोडून धावत आली.

"बस नाही?" तिने विचारलं.

"बस नाही," बेव्हर्ली म्हणाली.

"मग आता आइस्क्रीम खाऊ? फ्रॉकवर सांडलं तर चालेल?"

"आंघोळ कर त्याने."

फिलिपा आल्या, त्यांनी बेव्हर्लीला मिठी मारली आणि त्यांनाच रडू फुटलं. मिस्टर क्लेग काठी टेकत आले, म्हणाले, "मी सांगितलंच होतं," आणि नक्की काय सांगितलं होतं ते त्यांनाही आठवेना. कार्ल दोन्ही हातांत चार आइस्क्रीम घेऊन आला, एक माझंही. गर्दी हळूहळू पांगली. आम्ही दोघी वाचनालयाच्या कठड्यावर बूट काढून बसलो. ऊन छान होतं. बेव्हर्ली निवांत होती, पायाची बोटं हलवत, कार्ल एरिनला खांद्यावर उचलायला बघतो आणि ती आता किती जड झाली आहे, ते बघत.

"नंदा," ती म्हणाली. "रविवारी तू अकराला येतेस ना?"

"येतेच की. का गं?"

"साडेनऊला येशील का?"

"पाहुणे आहेत का कोणी?"

"नाही गं." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "त्या चष्मेवाल्या बाईने विचारल्यापासून डोक्यातून जात नाहीये. दुसऱ्या स्तोत्रानंतर आत काय होतं ते मला ठाऊकच नाही. तुझी पूजा थोडी लवकर उरकेल का? तू बंबाशी थांब. दुसरं स्तोत्र लागलं की लाव, झाकण हलायला लागलं की लगेच बंद कर, दुसरीकडे बघू नकोस. मला एकदा आत जाऊन शेवटपर्यंत बसायचंय. करशील माझ्यासाठी एवढं?"